तळमजल्यावरचा नव्वदावा मजला

एकशेदहा मजल्यांच्या त्या इमारतीचा एकच फ्लॅट बांधून झाला, आणि तोही जमिनीवर. गिऱ्हाइकांना दाखवायचा नमुना म्हणून रिकाम्या प्लॉटच्या कोपऱ्यात तो उभा केला होता. दारावर पाटी मात्र 'मजला नव्वदावा'. तो दाखवायची नोकरी ताईंना लागली. त्याआधी त्या शाळेच्या ऑफिसात होत्या. बोलणं गोड, आवाज खणखणीत. बांधकाम कंपनीच्या साहेबांनी लगेच ठेवून घेतलं.

दिवाणखान्याच्या खिडकीमागे कापड ताणून बसवलं होतं. त्यावर पेंटरने ढग काढले होते आणि ढगांखाली काडेपेटीएवढाली घरं. तिथे उभं राहून ताई म्हणायच्या, "खालच्या लोकांच्या आधी इथे उजाडतं बरं का!" लोक हरखून जायचे. एका आजोबांना तर तिथे चक्कर आली. पाणी द्यायला ताई धावल्या, पण नळ नुसतेच शोभेचे. शेवटी स्वतःच्या पिशवीतली बाटली काढून दिली.

सासूबाई रोज विचारायच्या, "अगं, पण पाया कधी खणणार?"

"मोठी कामं सावकाशच होतात, आई."

पाया काही खणला गेला नाही. विमानतळवाल्यांनी उंचीला हरकत घेतली, तशी इमारत ऐंशी मजल्यांवर आली. पेंटरने ढग पुसून गच्च्या काढल्या. मग जमीन भुसभुशीत निघाली, चाळीस मजले. गच्च्यांच्या जागी झाडांचे शेंडे आले. ताई तितक्याच मनापासून सांगू लागल्या, "फार उंचावर करमत नाही हो माणसाला. झाडं कशी नजरेसमोर हवीत."

सातव्या वर्षी आराखडा बारा मजल्यांवर येऊन ठेपला. ब्रश बुडवता बुडवता पेंटर म्हणाला, "ताई, आता थेट रस्ताच काढतो. पुढच्या खेपेला मला काम उरायचं नाही."

ताईंना त्याचा भयंकर राग आला. घरी गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की साहेबांसकट सगळ्यांनी आशा सोडली होती; त्या इमारतीवर विश्वास ठेवणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या.

महिन्याभरात कंपनीने गाशा गुंडाळला. "तात्पुरतं थांबलंय," साहेब फोनवर म्हणाले. जागेच्या मालकाने फ्लॅट एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना भाड्याने दिला. कापड उतरवलं, तर मागे शेजारच्या गॅरेजची भिंत.

किल्ली द्यायला आलेल्या ताईंना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्ही इथेच राहता का कामाला? पेशंटशी बोलायला कुणीतरी हवंय."

ताई राहिल्या. पहिल्याच सकाळी गाल धरून बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "फार दुखेल का हो?"

सवयीने एक गोड वाक्य ताईंच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"दुखेल," त्या म्हणाल्या. "चला, मी येते आत तुमच्याबरोबर."