मागची सीट

लोक मोटरसायकल घेताना पुढं बसून बघतात. हँडल धरतात, पाय टेकतात का बघतात, आरशात स्वतःचं थोबाड न्याहाळतात. आम्ही मागं बसून बघत होतो. म्हणजे माझी बायको मागं बसायची आणि मी गाडी सरळ धरून उभा राहायचो. हायवेकडच्या पहिल्या शोरूममधला टायवाला सेल्समन सारखा म्हणत होता, "सर, तुम्ही बसा ना, फील घ्या." मी म्हटलं, "फील माझा घ्यायचा न्हाई, हिचा घ्यायचाय. तू जरा गप्प बस." माझा स्वभावच असा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथच्या खडखडाटात आयुष्य गेलं, हळू बोलणं कधी जमलंच नाही.

आम्हाला कन्याकुमारीला जायचं होतं. ही इच्छा माझी नव्हे, तिची. बायको शाळेत शिक्षिका, जन्मभर भूगोल शिकवला. भिंतीवरच्या नकाशावरनं छडी खाली खाली न्यायची, टोकाला टेकवायची आणि विचारायची, "हे काय?" पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची, "कन्याकुमारी!" आणि ही बया स्वतः बेळगावच्या खाली कधी गेलेली नव्हती. कारण तिला गाडी लागते. कार असो, एसटी असो, बसली की पोटात ढवळायला लागतं. माहेर आजऱ्याचं. लग्नाआधी तिकडून कोल्हापूरला यायची तेव्हा उत्तूर यायच्या आत डोकं खिडकीबाहेर. मोटरसायकलवर मात्र काही म्हणजे काही होत नाही. नवं लग्न झालेलं असताना माझ्या खटाऱ्यावर मागं बसून, मांडीवर पिशवी घेऊन, आजऱ्यापर्यंत गाणी म्हणत यायची. मी चहाला थांबलो तर रुसायची. म्हणायची, "वारं थांबलं की वो."

नोकरी संपली की मोठी, लांब पल्ल्याची गाडी घ्यायची आणि थेट नकाशाच्या टोकाला जायचं, हे आमचं कधीचं ठरलेलं. मग तिच्या पायातली चप्पल निसटायला लागली. दोन-चार पावलं पुढं गेल्यावर हिला कळायचं, की चप्पल मागं राहिली. आम्ही हसायचो. मग वर्गात हातातला खडू पडायला लागला. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, पुण्याला पाठवलं, तिथून आम्ही परत आल्यावर ते खुर्ची पुढं ओढून बसले आणि त्यांनी सांगितलं, की हा नसांचा आजार आहे. पाय जातील, हात जातील, मग बोलणं जाईल. औषध नाही. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील. हे शेवटचं त्यांनी दिलासा द्यावा तसं सांगितलं. मला त्यांची कॉलर धरावीशी वाटली. बायको म्हणाली, "डॉक्टर, मोटरसायकलवर बसलेलं चालंल का?"

म्हणून आम्ही शोरूम फिरत होतो. लोकांनी सल्ले दिलेच. कार घ्या, मागं झोपून जाऊ द्या, गोळी द्या. ती म्हणायची, "काचंतनं बघायचं तर घरात टीव्ही हाय की." तिच्यापुढं कुणाची मात्रा चालायची नाही.

पहिल्या शोरूममधली गाडी उंच होती, चोच काढलेली, डोंगरातनं नेतात तसली. तिच्यावर ती चढली. माझ्या खांद्याला धरून, पाय झोकून, एका दमात. वर बसून हसली. "वरनं पंचगंगा दिसत्या की!" म्हणाली. सेल्समनही हसला. ती गाडी तेव्हाच घ्यायला हवी होती असं आज वाटतं, पण चांगली वस्तू चार दुकानं फिरून घ्यावी हे आपल्या रक्तातच. बरं, सीट तशी अरुंदच होती. दूरच्या प्रवासात तिची कंबर धरली असती. म्हणून पुढच्या शोरूमला गेलो. मग त्याच्या पुढच्या.

मला कुणी इंजिनाबद्दल सांगायला लागलं, की मी विचारायचो, मागच्या सीटची जमिनीपासून उंची किती? कारण दर खेपेला तिचा पाय कमी उचलायला लागला होता. उंच गाडी आधी गेली. मग मधली गेली. एक जुन्या वळणाची, धडधडणारी गाडी तिला फार आवडली होती; पंधरवड्यानं पैसे ठरवायला गेलो तर तिची टाच सीटच्या कडेला अडकली आणि पुढं जाईना. ती तशीच एका पायावर उभी. मी गाडी सोडून तिला धरलं. गाडी आडवी झाली असती, सेल्समननं धावत येऊन सावरली. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "बसकी बघूया जरा." आम्ही गाडी पसंत करत नव्हतो. तिचा पाय एकेक गाडी नापसंत करत होता.

शेवटी एक मिळाली. लांबलचक, बसकी, मागं पाठ टेकायला गादी. तिनं दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा उचलला, पलीकडं टाकला आणि बसली. टेकली. डोळे मिटले. "हीच," म्हणाली. रंग लाल होता. मला लाल गाड्या आवडत नाहीत, पण मला विचारतंय कोण! मी म्हटलं, "उद्याच नेतो." सेल्समनचा चेहरा उतरला. म्हणाला, "सर, उद्यापासून पितृपंधरवडा लागतोय. यात कोण गाडी नेत न्हाई. दसऱ्याला न्या, हार-बीर घालून देतो."

माझं डोकं सटकलं. "तुझी पितरं तू सांभाळ, मला गाडी दे," असं मी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. पण बायकोनं माझा हात धरला. "व्हय, दसऱ्यालाच नेऊया." घरी आल्यावर तिच्या भावाचा आजऱ्याहून फोन. "दाजी, म्हाळाच्या दिवसांत नवी गाडी दारात? डोकं हाय का जाग्यावर?" मी त्याला चार शिव्या हासडल्या. मग तिच्याकडं वळलो. म्हटलं, "अगं, गुडघा हातानं उचलायला लागतोय तुला. तुला कसला दसरा आन् कसली दिवाळी?"

ती म्हणाली, "म्हणूनच म्हणते. आधीच नशीब हे असलं. त्यात अजून नाट लावून घ्यायची व्हय?"

मी देवळात बाहेरच्या बाहेर चप्पल सांभाळत उभा राहणारा माणूस. पण त्या दिवशी मलाही भीती वाटली. वाटलं, असेल काहीतरी, कशाला विषाची परीक्षा घ्या? आम्ही थांबलो. शुभ दिवसाची वाट बघत आम्ही दोघं शहाणी माणसं गप्प गुमान घरात बसलो. आधी पितरांचे दिवस, मग घट बसले, नवरात्र. आणि तेवढ्यात तिचा उजवा पाय पूर्ण गेला.

दसऱ्याला शोरूममध्ये जत्रा होती. झेंडूच्या माळा, पेढे, चाकाखाली लिंबं, आणि जो तो फोन काढून फोटो घेतोय. मी तिला रिक्षातनं नेलं. रिक्षा उघडी असते, त्यात तिला लागत नाही. हिरवी इरकल नेसली होती, गजरा माळला होता. आमची लाल गाडी हार घालून दारात उभी. भाऊ आजऱ्याहून आला होता. तिनं दोन्ही हातांनी गुडघा धरला. उचलला. हातातही आता तेवढा जोर नव्हता, पाय अर्ध्यात येऊन खाली पडला. परत धरला. परत पडला. आजूबाजूचे लोक फोटो काढायचे थांबले.

भावानं आणि मी तिला उचलून बसवलं. बसली, पण पाय फूटरेस्टवर राहीना. ठेवला की घसरायचा. भाऊ म्हणाला, "दाजी, ओढणीनं बांधूया, बारक्या पोरांना बांधत्यात तसं." आणि खरंच कुणाची तरी ओढणी घेऊन तो तिच्या कमरेभोवती गुंडाळायला लागला. तिनं ती हातानं बाजूला केली.

"ऱ्हाऊ दे," म्हणाली. "बांधून न्यायला मी काय उसाची मोळी हाय?"

सगळे हसले. तीसुद्धा हसली. मग मला म्हणाली, "उतरवा मला," आणि ते असं म्हणाली, की मला तिथं जमिनीवर बसून रडावंसं वाटलं. मी रडलो नाही. सेल्समनवर ओरडलो, हार काढ म्हणून. त्याचा काहीही दोष नव्हता. त्यानं मुकाट हार काढला.

घरी येताना ती रिक्षात आणि मी नव्या गाडीवर रिक्षाच्या मागं. रिक्षाच्या मागच्या बारक्या काचेतनं ती माझ्याकडं बघत होती. मी सारखा पाठीला ती टेकल्याचा भास शोधत होतो. इतकी वर्षं गाडी चालवली, पण मागं तिचं वजन नसलं की गाडी कशी हलकी, बेभरवशाची चालते, हे मला त्या दिवशी कळलं.

मी लेथवाला. लोखंड वाकवता येतं म्हणून सगळंच वाकवता येतं असं वाटायचं. मी कारखान्यात तिच्या पावलासाठी पत्र्याच्या वाट्या केल्या, पट्टे केले, पाठीला टेकू केले. ते सगळं गाडीला बसवेपर्यंत तिची कंबर तग धरेना. मग गाडीच्या बाजूला जोडायची साईडकार करायला घेतली. दिवसाचं काम बाजूला टाकून सांगाडा वेल्ड केला, त्यात गादी घातली. गादीला हात लावून ती म्हणाली, "झकास." त्याच आठवड्यात तिची मान पुढं पडायला लागली. डॉक्टर म्हणाले, आता धक्का नको. सांगाडा कारखान्याच्या मागं पडून आहे. पावसानं गंजलाय. त्याच्याकडं बघवत नाही म्हणून मी मागच्या दारानं जाणं सोडलं.

गाडी आमच्या पोर्चमध्ये उभी असते, तिच्या खिडकीला लागून. उभी गाडी बॅटरी खाते, म्हणून संध्याकाळी मी ती जरा वेळ चालू ठेवतो. पहिल्यांदा चालू केली तेव्हा आतनं तिचा आवाज आला. जीभ जड झाली होती, पण कळलं.

"कुठवर आलो?"

मी वैतागलेलो होतो. म्हटलं, "कुठं येतोय? पोर्चमध्ये हाय."

ती म्हणाली, "निपाणी आली आसंल."

मी गाडी बंद केली आणि आत जाऊन तिच्या उशाशी बसलो. तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. ती वाट बघत होती. मग मी म्हटलं, "व्हय, आली निपाणी. भज्याचा वास येतोय." दुसऱ्या दिवशी आम्ही बेळगावला पोचलो.

तेव्हापासून रोज संध्याकाळी जातो. मी एखादं गाव विसरलो की ती चिडायची. एकदा मी हुबळीवरनं थेट चित्रदुर्गला गेलो, तर दोन दिवस बोलली नाही. दावणगिरी चुकवली म्हणून. मधली नदी कुठली, माती काळी की तांबडी, पीक काय, सगळं तिनं सांगायचं. मी कधी बघितलेलं नाही आणि तिनंही नाही. बंगळूर ओलांडताना तिचं बोलणं तुटक झालं. सेलमला एकेक शब्द. मदुराईला शब्दही गेले. आता ती डोळ्यांनी बोलते. मिटले की हो, उघडे ठेवले की नाही. आशा वगैरे कुणाला नाही. डॉक्टरांना नाही, भावाला नाही, मला नाही. तिला तर आमच्या सगळ्यांच्या आधीपासून नाही.

पण मी शहाणा, माझ्या एक गोष्ट उशिरा लक्षात आली. तिरुनेलवेली मागं पडली तेव्हा. पुढं नागरकोईल, मग कन्याकुमारी, आणि त्याच्यापुढं रस्ताच नाही.

म्हणून आम्ही नागरकोईलात मुक्काम टाकलाय. रोज काहीतरी निघतं. एकदा मागचं चाक पंक्चर झालं. एकदा पाऊस फार होता. एकदा मी म्हटलं, माझी पाठ धरल्या, उद्या जाऊ. ती ऐकून घेते.

काल गाडी चालू केली, आत येऊन तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "आज हितंच थांबूया न्हवं?"

तिनं डोळे उघडे ठेवले.

मी परत विचारलं. उघडेच. बाहेर इंजिन चालू होतं. शेवटी विचारलं, "मग, जायाचं पुढं?"

तिनं डोळे मिटले. सावकाश, नीट, मला चुकूनही चुकीचं वाटू नये असे. मग उघडले आणि माझ्याकडं बघत राहिली.

मी बाहेर जाऊन गाडी बंद केली. खिडकीतनंच म्हटलं, "उद्या जाऊ. चेन सैल झाल्या, ती बघायला लागंल आधी."

चेन नवी कोरी आहे. ती गाडी अजून कोल्हापूरच्या बाहेर गेलेली नाही, आणि हे तिला माहीत आहे.