कामाचा रकाना

आमच्या भिलाईत कोणालाही काम विचारा, उत्तर एकच, 'प्लांट', म्हणजे पोलादाचा कारखाना. क्रेन चालवणारा प्लांट, ठेकेदाराकडे झाडू मारणारा प्लांट, आणि बायकांच्या कागदावरही नवऱ्याचाच प्लांट. मी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायचे. कोणत्या कामामुळे कोणता आजार होतो हे कळावं म्हणून डॉक्टरांनी फॉर्ममध्ये कामाचा रकाना वाढवला, तर तोही प्लांटनेच भरून गेला. मला असल्या भरताडीची भारी चीड. मी काम विचारणंच सोडलं. म्हणायचे, "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं, ते सांगा." मागे रांग कुरकुरायची. कुरकुरू दे.

एकदा कोहक्याहून एक नवरा-बायको आले. मूळचे भंडाऱ्याकडचे. तो प्लांटमधून रिटायर झालेला, कडक इस्त्रीचा शर्ट. बाई खोकून खोकून अर्ध्या झाल्या होत्या. दोन दवाखाने करूनही गुण नव्हता. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "घरीच असते जी. आमच्या घरच्या बाया कामाले जात नाईत."

मी बाईंनाच कालचा दिवस विचारला.

"पाचले उठली, सैपाक केला, डबा बांधला, टेम्पोत बसली..."

"टेम्पो कुठं जातो?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "रसमड्याले. कारखान्यात पांढऱ्या दगडाची पूड पोत्यात भरून राहिली मी. सहा वर्षं झाली."

तो खिडकीत वाकला. "ते नका लिहू, मॅडम. समाजात तोंड दाखवाले जागा नाई रायनार."

ही अब्रू मला नवी नव्हती. सेक्टर दहामधल्या माझ्या माहेरीही तीच होती. म्हणूनच माझं डोकं फिरलं. "भाऊ, पूड यांच्या छातीत गेली की तुमच्या अब्रूच्या?" आणि बाईंना विचारलं, "लिहू?"

"लिवा जी," त्या म्हणाल्या. मी लिहिलं. दगड, पूड, पोती, सहा वर्षं, सगळं.

त्या एका ओळीमुळे डॉक्टरांनी बाईंनी सोबत आणलेला जुना एक्स-रे नव्याने उजेडासमोर धरला. दगडाच्या धुळीचा आजार निघाला. फुफ्फुसाचं झालेलं नुकसान भरून येत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण बाईंचं धुळीत जाणं त्या दिवसापासून बंद झालं. मी साधी कारकून. तरी तो आजार माझ्या अक्षरांमुळे सापडला, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

महिन्याभराने तो माणूस पुन्हा रांगेत दिसला. सोबत त्याच टेम्पोतल्या दोन बायका, दोघीही खोकत होत्या. मला वाटलं, आता भांडतो.

"मॅडम," तो सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "ह्या दोघी माह्या बायकोसंगच पूड भराले होत्या. पुरं लिवा."