नाल्याकाठच्या बाई

संपात गिरणी बंद पडली तेव्हापासून मी काळाचौकीच्या नाक्यावर बसतो. दर शनिवारी शाळेच्या एक बाई पोरं आणि दोन-चार मास्तर घेऊन नाल्याच्या कडेकडेनं शिवडीच्या खाडीपर्यंत चालत जातात. बोलतात भरभर, पण उत्तर ऐकायला थांबतात.

एकदा मला विचारलं, "काका, पूर्वी नाला कसा होता?"

मी छाती काढून सांगितलं, "मी रंगखात्यातला! लाल कापड काढलं की नाला लाल, निळं काढलं की निळा!"

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "मग खाडीतल्या मासळीचं काय व्हायचं?"

"ते कोळ्यांना विचारा."

बाई समोर फुटपाथवर बसल्या, माझ्याकडे बघत. शेवटी मीच उठलो.

पुढल्या शनिवारी मी नाक्यावर गेलो नाही. खिडकीतून पाहिलं, तर बाई माझ्या जागेपाशी थांबलेल्या.