रोज बघतो, बोलत नाही

आमच्या जांबे गावात सकाळी गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घालून जो कंपनीच्या बसची वाट बघतो, तो कॉम्प्युटर इंजिनिअर. हा इथला सरळ हिशेब आहे. मी कंपनीत लोकांचे पगार काढते, माझा स्वतःचा कॉम्प्युटर बिघडला तर मीच दुसऱ्याला हाक मारते, हे घरमालकीणकाकूंना सांगून माझं तोंड दुखलं. त्या सगळं ऐकून घेतात, "व्हय व्हय" म्हणतात आणि फोन माझ्यापुढे धरतात.

काकूंनी सोशल मीडियावर प्रोफाइल उघडलं ते खोल्या भाड्यानं द्यायला. पुतण्याच्या लग्नातला नथ घातलेला फोटो, खाली खोल्यांचे फोटो आणि मजकूर: "पाणी भरपूर. बॅचलर चालतील. दंगा चालणार नाही." शेवटी फोन नंबर. एवढं सगळं स्वतःच्या हातानं चव्हाट्यावर मांडल्यावर जे व्हायचं तेच झालं. झटपट कर्ज देणारे आले, पोट कमी करणारे आले, घरबसल्या श्रीमंत करणारे आले. परदेशातला एक डॉक्टर आला. त्याच्या फोटोत गळ्यात स्टेथोस्कोप आणि मागे हेलिकॉप्टर. त्यानं इंग्रजीत लिहिलं की तुमच्या हसण्यानं माझी झोप उडाली आहे. काकूंनी उत्तर दिलं, "खोली बघायला रविवारी या. माणसं किती?" त्यानं कळवलं की पत्नी वारली, जगात एकटा आहे. काकूंनी मला विचारलं, "एकटाच हाय बिचारा. वरची छोटी देऊ का?"

हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकांना मात्र हसू आलं नाही. डॉक्टरसाहेबांनी काकूंच्या फोटोखाली सगळ्यांदेखत लाल बदामांची रास घातली, ती भावकीतल्या कुणीतरी चहाच्या टपरीवर मोठ्यानं वाचून दाखवली. काका घरी आले ते थेट म्हणाले, "बंद कर ते खातं." आता आमचे काका काही फार बोलणारे नाहीत, पण बोलले की ते दगडावरची रेघ.

संध्याकाळी काकू माझ्या खोलीत आल्या. चहा नको म्हणाल्या, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"बंद करायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "ते सोडून दुसरं काय करायचं ते सांग."

का नाही बंद करायचं, ते त्यांनी पाठ फिरवून, खिडकीतून बाहेर बघत सांगितलं. काकूंचं माहेर माले, पौडच्या पुढे. धाकटा भाऊ एकच. मुळशीत जमिनीला भाव आला आणि घरोघरी बहिणींच्या सह्यांची आठवण झाली. हक्कसोड. बहिणीनं पौडच्या कचेरीत जाऊन, वडलांच्या जमिनीत मला काही नको, असं लिहून द्यायचं आणि भावानं साडी नेसवायची, अशी इथली रीत. काकूंना जमीन नकोच होती. पण भावानं काय करावं? कागद घेऊन एजंटला पाठवलं. काकूंनी एजंटला चहा पाजला आणि कागद तसाच परत धाडला. "सही मागायला तरी तेनं सोता यायचं का न्हाई? मी काय परकी हाय?" त्यावर भाऊ रुसला. त्यानंतर ना फोन, ना भाऊबीज.

ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. काकूंचा भाऊ जिवंत, धडधाकट, तासाभराच्या रस्त्यावर, आणि काकू दरवर्षी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळतात. तोही आता समोरच्या टॉवरांमुळे धड दिसत नाही. बीजेचा चंद्र तो, आधीच नखाएवढा. दोन इमारतींच्या फटीत सापडला तर सापडला.

पण प्रोफाइल उघडल्यापासून एक झालं होतं. काकू रोज सकाळी एक स्टोरी टाकतात. कधी तुळस, कधी जास्वंद, कधी नुसता चहाचा कप. स्टोरी कुणी कुणी पाहिली ते खाली दिसतं. त्यात रोज न चुकता एक बैलजोडीचा फोटो असे. तो भाऊ. एक शब्द नाही, एक लाइक नाही. नुसता बघायचा. "बघितलंन," काकू म्हणायच्या आणि मग कामाला लागायच्या. मला वाटायचं, सकाळी टाकीत किती पाणी साचलं ते बघावं, तसं त्या हे बघतात.

तर हे वाचवायचं होतं. प्रोफाइल राखणारी, फालतू लोकांना दारातच अडवणारी ॲप असतात म्हणे. दोन रविवार आम्ही गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांशेजारी बसून ती पारखली.

पहिलं फुकट होतं. फोनात शिरल्या शिरल्या ते ओरडायला लागलं की तुमचा फोन संकटात आहे. एक बटण दाबलं की जाहिरात, बंद करायला गेलं की दुसरी. ज्या कर्जवाल्याला काकूंच्या फोटोखालून त्यानं हाकललं, तोच पाच मिनिटांनी अख्खा पडदा व्यापून आला. काकू म्हणाल्या, "हा तर त्येचाच मावसभाऊ निघाला." काढून टाकलं.

दुसरं पैसे घेणारं, म्हणजे प्रतिष्ठित. त्याला वापरणाऱ्यांनी भरभरून तारे दिले होते, आणि सगळ्यांची स्तुती अक्षरन् अक्षर सारखी होती. फालतू मजकूर अडवणाऱ्या ॲपची स्तुती फालतू मजकुरानंच करावी, हा विनोद माझ्याशिवाय कुणाला कळला नाही. त्याला फोनमधले सगळे नंबर हवे होते, सगळे फोटो, माइक, आणि काकू कुठे आहेत ते सदासर्वकाळ. "मी कुटं असणार? हितंच असते की," काकू फोनला म्हणाल्या. "भाडेकरू ठेवताना मी तरी एवढं इचारते का?" विचारतात. पण कुंपणानंच शेत खायचं म्हटल्यावर त्यांचं म्हणणं खरं होतं. तेही काढून टाकलं.

तिसरं माझ्या ऑफिसातल्या बावधनच्या मैत्रिणीनं सुचवलं. तिच्या सोसायटीतल्या सगळ्या बायकांनी घेतलं होतं. ते मराठीत बोलायचं, म्हणजे कुणीतरी यंत्राकडून करवून घेतलेल्या मराठीत. "आपण या व्यक्तीस बहिष्कृत करू इच्छिता?" मी कपाळावर हात मारला, काकूंना मात्र पसंत पडलं. "आपण म्हणतंय बघ. चांगल्या घरातलं दिसतंय." काकू भाडेकरूही असेच निवडतात, चपला कुठे काढतो ते बघून. आणि खरं सांगायचं तर सुरक्षेच्या बाबतीत याहून शास्त्रीय कसोटी माझ्यापाशीही नव्हती.

मग ॲपनं विचारलं, पहारा सौम्य ठेवू, मध्यम ठेवू की कडक?

"कडक," काकू म्हणाल्या. "मध्यम ठेवलं की लोक डोक्यावर बसत्यात."

ॲप थोडा वेळ गरगरलं आणि त्यानं संशयितांची भली लांब यादी पुढे केली. सगळ्यात वर डॉक्टर. खाली बटण: सर्वांना बहिष्कृत करा. मी म्हणाले, काकू, एकदा खालपर्यंत बघून घ्या. पण डॉक्टरचा फोटो बघून त्यांना इतका चेव आला होता की त्यांनी तिखटाच्या हातानंच अंगठा दाबला.

आणि शांतता झाली. काय सुरेख शांतता. कर्ज नाही, बदाम नाहीत. काकांनी खातं बंद करायचा विषय सोडला आणि मला घरची इंद्रायणी तांदळाची पिशवी दिली. मी ती मानानं घेतली.

दोन-तीन दिवसांनी काकू म्हणाल्या, "बैल दिसंना."

तुळस टाकली, बैल नाही. जास्वंद टाकली, नाही. एके दिवशी तर काकूंनी माल्याचा जुना फोटो शोधून टाकला, विहिरीवर दोघं लहानपणी उभे असलेला. तरी नाही. मग त्यांचं मन नको तिकडे धावायला लागलं. तब्येत बिघडली असंल. फोन पडला असंल. का आता बघायचंसुदा न्हाई असं ठरवलंन? जेवताना ताट तसंच ठेवून उठू लागल्या. दिवाळी तोंडावर आली होती आणि मला त्यांच्या स्वयंपाकघरातून चकलीचा वास येईना, तेव्हा मला खरोखर भीती वाटली.

मी फोन मागून घेतला आणि बहिष्कृतांची यादी उघडली. डॉक्टर, कर्जवाले, पोटवाले, आणि मधेच ती बैलजोडी. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं, इथे दोघांनाही एकाच दोरीनं. खाली कारण लिहिलं होतं, ते मी वाचलं: "ही व्यक्ती दररोज आपल्यावर नजर ठेवते, परंतु कधीही संवाद साधत नाही. धोका: उच्च."

"परत वाच," काकू म्हणाल्या.

मी परत वाचलं.

"मग खोटं काय लिवलंय तेनं?" एवढं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

बहिष्कार उठवणं सोपं होतं, मी तिथल्या तिथे उठवला. पण एकदा ब्लॉक झालं की जुनी मैत्री तुटते, पुन्हा जोडायला रिक्वेस्ट पाठवावी लागते. मी म्हटलं, पाठवते. काकूंनी माझा हात धरला. "न्हाई. मी थोरली हाय. आदी तेनं पाठवायची."

"अहो, त्याला वाटतंय तुम्ही तोडलंत. तो कशाला पाठवेल?"

"मग ऱ्हाऊ दे."

मला असा संताप आला. जगातले एवढे हुशार लोक डोकी खपवून ॲप बनवतात, आणि यांचं सगळं घोडं अडतंय थोरली कोण आणि धाकटा कोण यावर. मी म्हणाले, मरा तिकडे. मनातल्या मनात म्हणाले, कारण काकांनी दिलेलाच तांदूळ शिजत होता.

भाऊबीजेला मी जांब्यातच होते. महिनाअखेर, पगाराचं काम, रजा नाही. परभणीच्या माझ्या भावाला मी व्हिडिओ कॉलवर ओवाळलं आणि फोनच्या काचेला कुंकू लागलं. दिवेलागणीला काकूंनी हाक मारली म्हणून गच्चीवर गेले. त्या रुमालानं झाकलेलं ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या आणि टॉवरांच्या फटीत चंद्र शोधत होत्या. मलाही सापडेना.

तेवढ्यात जिन्यात धापा ऐकू आल्या. चार मजले चढून एक गृहस्थ वर आला. पांढरा शर्ट घामानं भिजलेला, हातात मोबाइल. नाक अगदी काकूंचंच. मी कठड्याकडे सरकले.

"आक्का," तो म्हणाला, "तू सही दिली न्हाईस, मी काय बोललो? गप बसलो. पण ब्लॉक?" त्यानं मोबाइल त्यांच्यासमोर धरला. "मला ब्लॉक केलंस तू? पोरगं म्हणालं, आत्यानं काढून टाकलंय तुमाला. माझा इस्वास बसंना."

काकूंनी मोबाइलकडे बघितलंही नाही. "टोपी कुटंय तुजी?"

"भांडायला आलोय. टोपी कशाला आणू?"

काकूंनी ताटावरचा रुमाल काढून त्याच्या डोक्यावर टाकला, काडी ओढून निरांजन लावलं. तो तसाच उभा राहिला, रागानं लाल, डोक्यावर निळा चौकड्यांचा रुमाल. मी तोंड उघडलं, म्हणाले, "मामा, ते ब्लॉक यांनी नाही केलं, ते ॲप..."

"तू गप," काकू मला म्हणाल्या. मग त्याच्या कपाळाला कुंकू लावता लावता म्हणाल्या, "मीच केलं. तू येत न्हवतास म्हणून."

त्यानं मोबाइल खिशात घातला. मग रुमालाच्या टोकानं डोळे पुसत म्हणाला, "मग आदीच करायचं की."