धुतलेला नमुना

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आमच्या कॉलेजात बियाण्यांचा एक नवा विषय निघाला. त्याच्यासोबत अट अशी, की चार महिने एखाद्या बियाणे कंपनीत काम करायचं. वर विद्यावेतनही मिळणार होतं. वडिलांना हे काही पचेना. "शिकायचे पैसे आपन द्यायचे का त्यांनी? कायतरी गडबड हाय बघ," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि सांगताना त्यांची मान ताठ होई. नव्वद सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. घनसावंगीकडच्या आमच्या गावातली एकही मुलगी तोवर नवीन जालन्यात पगारावर गेली नव्हती.

माझ्या वाट्याला उगवण तपासायचं काम आलं. शेतकऱ्यांनी कंपनीसाठी पिकवलेल्या बियाण्याचे नमुने यायचे. पिशवीवर नाव नाही, गाव नाही, नुसता आकडा. ओल्या कागदावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे, कागदाची सुरळी करायची, एका नमुन्याच्या अशा चार सुरळ्या उबदार कपाटात उभ्या करायच्या आणि दहा दिवसांनी शेवटची मोजणी करायची. ज्वारीचे शंभरातले पंच्याहत्तर दाणे धड उगवले तर माल पास, नाही तर तो बियाणं नव्हे, खायची ज्वारी. मेलेला दाणा चिमटीत दाबला की पिठाळ पाणी निघायचं आणि बोटांना आंबूस वास यायचा. पहिला आठवडा मला डबा खाववला नाही.

आमच्या साहेबांना त्या आकड्याचं फार कौतुक. "तुमच्यापुढे शेतकरी नाही, दाणा आहे," असं ते म्हणत. मी ते वहीत लिहून घेतलं. तेव्हा मी कुणीही काहीही म्हटलं की वहीत लिहून घ्यायची.

त्या वर्षी आमच्या घरानं पहिल्यांदाच संकरित ज्वारीचा बियाण्याचा प्लॉट घेतला होता. अशा प्लॉटच्या आसपास दुसरी ज्वारी चालत नाही, परागाची भेसळ होते. म्हणून वडिलांनी चारी बांधांवरच्या शेजाऱ्यांना हात जोडले होते, की यंदा तेवढी ज्वारी पेरू नका. नाक मुरडत का होईना, त्यांनी ऐकलं. माल पास झाला तर कंपनी पुढच्या वर्षी पुन्हा प्लॉट देणार होती. नापास झाला तर प्लॉट गेलाच, शिवाय चारी बांधांवरून टोमणे ऐकायचे. आई तर पीक उभं असताना रोज त्यात फिरून वेगळं दिसणारं एकेक ताट उपटत होती.

आणि एका सकाळी माझ्या टेबलावर निळी पिशवी आली. बाकीच्या पिशव्या कंपनीच्या, पांढऱ्या. ही घरी शिवलेली, नाडीजवळ शाईचा डाग असलेली. तो डाग माझा होता. आठवीत गणवेशाच्या फ्रॉकवर मीच पाडलेला; त्याच फ्रॉकची आईनं पिशवी शिवली होती.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. आपली ज्वारी आपल्याच हाती आली! दाणे इतके स्वच्छ, की बाकीचे नमुने त्यांच्यापुढे उकिरड्यावरचे वाटावेत. वडिलांचा अभिमान वाटला मला. मी एकेक दाणा चिमट्यानं उचलून ओळीत ठेवला.

दहाव्या दिवशी सुरळ्या उलगडल्या. शंभरात तेवीस. चारही सुरळ्यांत तेच, एक-दोन इकडेतिकडे. बाकी सगळं पिठाळ पाणी.

मी साहेबांना म्हटलं, "सर, पुन्हा लावू का?"

"का?"

"शंका आहे."

पिशवी ओळखली, हे सांगायची हिंमत झाली नाही. "लावा," ते म्हणाले, "पण याच पिशवीतले उरलेले दाणे घ्या." पुन्हा दहा दिवस. रोज कपाटाच्या काचेतून बघायची. बघून काय होणार होतं? एकवीस.

तेविसाचे शहात्तर करावेत, असं मनात आलं नाही असं नाही. पण साहेब कुठलीही सुरळी मधेच उलगडून स्वतः मोजत. मी प्रामाणिक राहिले म्हणण्यापेक्षा मी घाबरले, हे जास्त खरं. कागदावर 'नापास' लिहिलं, खाली सही केली. साहेबांनी माझ्या अक्षराची तारीफ केली.

तीन आठवड्यांनी रविवारी घरी गेले. निकालासाठी घरात अडवून ठेवलेली पोती तोवर बाजारात गेली होती. वडील एवढंच म्हणाले, "आपलंच बी खोटं निघालं, कुनाला काय म्हनायचं?" मी पाय धुवायला न्हाणीकडे गेले. तिथं सांडपाण्याच्या कडेला गुडघाभर ज्वारी उभी होती, हिरवीगार, दाट.

"माय, हे इथं कुठून आलं?"

"तुझ्या कंपनीचंच की," आई हसून म्हणाली. "त्यो फटफटीवाला आल्ता नमुना घ्यायला. त्याच्याजवळच्या पिशव्या सरल्या व्हत्या. मंग मी तुझ्या फराकाची दिली. दाने भरले अन् म्हनला, सकाळी घिऊन जातो. लई धूळ व्हती गं त्याच्यात. शहरात न्यायचं म्हनल्यावर असं कसं द्यावं? निवडलं, तीन पान्यानं धुतलं. पान्यासंगं सांडले तेवढे हितं उगवले."

"आणि वाळवलंस कशात?"

"सकाळपोत्तर कुठून ऊन आनू? परातीत घालून चुलीच्या वैलावर धगीला ठेवलं रातभर. बराबर खडखडीत वाळलं."

मी त्या हिरव्या रोपांकडे बघत राहिले. एकही रोगट नव्हतं. पोत्यांतलं सगळं बी जिवंत होतं. मेली होती ती फक्त माझ्यापर्यंत पोचलेली निळी पिशवी.

आता काय करायचं होतं? पोत्यांतलं बी कुणाकुणाच्या जात्यात गेलं होतं. पुढच्या वर्षीचे प्लॉट दुसऱ्या गावाला देऊन झाले होते. साहेबांना सांगायचं तर आधी पिशवी ओळखल्याचं सांगावं लागणार, आणि चार महिन्यांचा दाखला त्यांच्याच सहीचा. आणि आईला? आईला सांगायला मी तोंड उघडलं होतं.

तेवढ्यात ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "ते तुझ्याकडं आलंच न्हाई का गं? मी तर तुझ्या हातात पडंल म्हनूनच धुतलं व्हतं."

"न्हाई आलं, माय."

"तरीच," ती म्हणाली, आणि तिला खरोखर बरं वाटलेलं दिसलं. "तुझ्या हाती आलं अस्तं तर कशाला नापास झालं अस्तं."