वेणूच्या ओटीवरचं शूटिंग

“भिंत आमची, चुना आमचा, आन विचारायचं त्या सिनेमावाल्या कुमारला?” आनंदाने कुंचला बादलीत आपटला. चुन्याचे शिंतोडे त्याच्या बायकोच्या, वेणूच्या पायांवर उडाले.

“विचारायचं कशाला? मी शबूद दिलाय.” वेणू ओटीवरच्या भिंतीला पाठ लावून उभी होती.

“तू दिलास. मी नाय.”

“रविवारी रूपाला बघायला उरनची मानसं येनार,” उंबऱ्यातून सासू गंगाबाई ओरडली. “दिवालीच्या तोंडावर ही काली भिंत बघून काय बोलतील? या घरात बाया नाय काय?”

भिंत काळी होती हे खरंच. वर कंदिलाची काजळी, खाली तेलाचा मोठा डाग. वेणूचा सासरा वीस वर्षं तिथंच डोकं टेकून बसायचा. “दरसाल चुना लावते, दरसाल म्हातारा वर येतो,” असं गंगाबाई म्हणायची. त्याच डागासाठी कुमारने पनवेलजवळच्या नेऱ्यातलं हे घर निवडलं होतं.

हे अठ्ठ्याऐंशी साल. पुढे कुमारच्या सिनेमांना लोक रांगा लावू लागले, पण तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हतं. पहिलाच सिनेमा, सात माणसं, भाड्याचा कॅमेरा. दसऱ्याच्या आधी ती सगळी आठ दिवस वेणूकडे राहिली. ओटीवर झोपली, सुकट-भात खाऊन तृप्त झाली. शेवटचा भाग तेवढा राहिला, कॅमेऱ्यात घालायची फिल्म संपली, आणि कुमार नवी मिळवायला मुंबईला गेला. मग त्याचं कार्ड आलं: तुळशीच्या लग्नानंतर येतो, वैनी, भिंत आहे तशी ठेवा.

“म्हयना झाला,” आनंदा म्हणाला. “येतोय कशाला तो? फिल्म संपली म्हनं! घरातलं मीठ संपतं तशी?”

“माज्यामुले संपली.”



वेणूने हे घरात कोणाला सांगितलं नव्हतं. दिसेल ते स्वच्छ करायचं, हा तिचा स्वभाव. शूटिंगच्या पाचव्या दिवशी ती पहाटेच उठली. एवढी माणसं आपल्या दारी आली आणि जमीन अशी भेगाळलेली, म्हणून तिने सगळी ओटी शेणाने सारवली. वर रांगोळी घातली. सिनेमातल्या आईचं मळकं लुगडंही धुऊन वाळत टाकलं.

“आदल्या दिशी अर्धं बोलनं कॅमेऱ्यात घेतलेलं,” ती म्हणाली. “त्यात आई भेगांवर बसलेली. आता ती उठनार ती सारवनावर? तेची मानसं डोक्याला हात लावून बसली. सगलं पहिल्यापासून घ्यावं लागलं. शेवटासाठी राखलेली फिल्म त्यात गेली.”

“मंग? शिव्या दिल्यान काय?” गंगाबाईने विचारलं.

“दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बोलला, वैनी, सारवन झ्याक झालंय. आन हिरीवर जाऊन एकटाच बसला. मी च्या नेला तर डोले पुसत होता. रूपापेक्षा चार वर्सांनी मोठा, आत्या.”

आनंदा हळू आवाजात म्हणाला, “पन आपल्या पोरीचं जमलं नाय तर?”

वेणूने रूपाकडे पाहिलं. चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या रूपाला सगळं ऐकू येत होतं. भाकरी परतत ती म्हणाली, “ते मला बघायला येनार, भिंतीला नाय. आन भिंत बघून नको बोलनारा मला पन नको.”

“जीभ बघ कारटीची,” गंगाबाई पुटपुटली, पण तिचा आवाज उतरला होता.

वेणू भिंतीपासून बाजूला झाली. तिने चुन्याची बादली उचलून आनंदाच्या हातात दिली.

“यंदा ओटीला चुना लागनार नाय. रविवारी पाव्हनं अंगनात बसतील. तुमी गोठा रंगवा.”