परदेशातली थंडी आणि आमचं घर

आमचे मालक बेळगावच्या एका फौंड्रीत भट्टीवर कामाला आहेत. परदेशातली घरं ऊबदार ठेवणाऱ्या शेगड्यांचे लोखंडी भाग तिथं ओतले जातात. एका वर्षी तिकडं थंडीच पडली नाही. शेगड्या दुकानांतच राहिल्या आणि इकडं फौंड्रीतली एक पाळी बंद झाली. ती नेमकी यांची.

आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ते पटेना.

"तिकडं थंडी न्हाय, म्हणून तू घरात?"

"व्हय आप्पा."

"मग हितलं ऊन कुणाला इकायचं?"

हे हसले, आणि मग आम्हीही.

त्या उन्हाळ्यात आमच्या गावाला, सांबऱ्याला, कधी नव्हे ती काहिली होती. मी पत्र्याखालच्या सोप्यात ब्लाउज शिवते. दुपारी घामानं कापडावर डाग पडायचे, मशीन बंद ठेवावी लागायची. लग्नसराईची कामं तुंबली. एके दिवशी हे म्हणाले, "हुक लावायला शिकव मला."

वितळलेलं लोखंड ओतणाऱ्या त्या हातांत सुई ठरेना. पहिल्या ब्लाउजचे हुक वाकडे लागले. मी ते गुपचूप उसवले, पण यांनी पाहिलंच.

"सांगायचं की गं."

"तुमाला वाईट वाटंल म्हणून..."

"दाखव, कुठं चुकलं."

मग ऊन चढायच्या आधी, पहाटे आम्ही दोघं शिवायला बसू लागलो. असं शेजारी बसल्यावरच मला कळलं, कारखान्यातल्या आवाजानं यांचा डावा कान जवळजवळ गेलाय. इतकी वर्षं मी बोलायचे आणि हे नुसती मान हलवायचे. मला वाटायचं, स्वभावच अबोल. मी उठून उजवीकडं बसले. त्या पहाटे आम्ही किती बोललो.

पुढच्या हिवाळ्यात आप्पा रोज संध्याकाळी मला फोनवर तिकडचं हवामान बघायला लावायचे. "पडली का गं थंडी?" शेवटी बर्फ पडलं. शेगड्या खपल्या, पाळी सुरू होणार असा निरोप आला. मी आप्पांना बर्फाचा फोटो दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला.

"लई पडलंय की. तिथली म्हातारी माणसं कशी ऱ्हात असतील?"

सोमवारी हे कामावर गेले. त्या दुपारी यांची वाट बघावी तसा आप्पांनी आणि मी जेवायला उगीचच उशीर केला.